जायकवाडी चार टक्के : पहिल्या वर्षाला संगणक शिकवायचा कसा?

पहिल्या वर्षाला संगणकशास्त्र कसं शिकवावं, हा विषय स्टाफरूममध्ये निघाला की चहा येईपर्यंत गाडी 'सी की पायथन' यावर येऊन थांबते. सीवाले म्हणतात, पाया पक्का होतो. पायथनवाले म्हणतात, पोरं निदान वर्गात टिकतात. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, आणि दोघंही मूळ मुद्द्याला वळसा घालतात. मुलं काय शिकणार हे भाषेपेक्षा परीक्षेत काय विचारलं जातं यावर जास्त ठरतं. छापील अभ्यासक्रम विद्यापीठ पाठवतं. प्रत्यक्षात चालतो तो अभ्यासक्रम मागच्या काही वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि प्रॅक्टिकलची यादी यांचा बनलेला असतो. सीनियरकडून ज्युनियरकडे जातो तो हाच. या प्रश्नाचा आढावा घ्यायचा तर त्या दुसऱ्या अभ्यासक्रमापासून घ्यावा लागतो.

आणि तो छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजसारख्या ठिकाणाहून घ्यावा. अशा चर्चांमध्ये उदाहरणं येतात ती एमआयटीची, हार्वर्डची, फार तर पवईच्या आयआयटीची. वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना १९८५मध्ये सुरू झाला, त्यामागोमाग सुटे भाग पुरवणारे आले; एन्ड्युरन्ससारख्या कंपनीचं मुख्यालयही इथलंच. गंगापूर तालुक्यातल्या या पट्ट्यात रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी, कमळापूर ही गावं एमआयडीसीच्या पोटात गेली, बजाजनगर उभं राहिलं, आणि मराठवाडाभरातून आलेली कुटुंबं इथं भाड्याच्या खोल्यांत राहू लागली. त्या कामगारांची पुढची पिढी आज डिग्रीच्या वर्गात बसलेली आहे. कुणी इथल्याच किंवा शहरातल्या अभियांत्रिकी कॉलेजात, कुणी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या बीसीएस, बीसीएला. अभियांत्रिकीची बरीच कॉलेजं २०१७पासून लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाला जोडली गेली, त्यामुळे वाळूजच्या पोरानं काय शिकायचं ते रायगड जिल्ह्यात ठरतं. त्यात वावगं काही नाही. पण वर्गात कोण बसलंय हे लोणेऱ्याहून दिसणार नाही, ते इथल्याच शिक्षकाला बघावं लागतं.

कोण बसलंय? साठ जणांच्या वर्गात पाच-सात मुलं बारावीला संगणकाचा बायफोकल विषय घेऊन आलेली असतात. त्यांनी सी प्लस प्लस पाहिलेलं असतं, आठ हजार पंच्याऐंशीच्या मायक्रोप्रोसेसरवर दोन आकड्यांची बेरीजही केलेली असते. काहींनी आयटीआयला 'कोपा' हा संगणकाचा ट्रेड केलेला असतो. बऱ्याच जणांकडे एमएस-सीआयटीचं सर्टिफिकेट असतं. २००१मध्ये स्थापन झालेल्या एमकेसीएलनं या कोर्समधून गावोगाव माउस लोकांच्या हातात दिला, हे मोठंच काम. पण तो कोर्स संगणक वापरायचा होता, त्याच्याकडून काम करवून घेण्याचा नव्हे. उरलेल्यांचा संगणक म्हणजे खिशातला मोबाईल. टाइप करताना सेमीकोलन कुठल्या बटणावर आहे तिथपासून त्यांची सुरुवात असते. आणि दोन-चार जण असे असतात की जे सकाळची शिफ्ट करून दुपारच्या तासाला येतात आणि मागच्या बाकावर पेंगतात. हजेरी कमी म्हणून त्यांना धारेवर धरणं सोपं आहे.

अशा सरमिसळ वर्गात एक गोष्ट हमखास घडते. बायफोकलवाली पोरं पहिल्याच आठवड्यात उत्तरं द्यायला लागतात, शिक्षकाला वाटतं वर्ग समजतोय, आणि बाकीच्यांना वाटतं हा विषय आपल्यासाठी नाही. मुलींच्या बाबतीत हे जास्तच होतं. कॅलिफोर्नियातल्या हार्वी मड कॉलेजनं २००६मध्ये यावर साधा उपाय केला. आधी प्रोग्रामिंग केलेल्यांची तुकडी वेगळी, न केलेल्यांची वेगळी. नावं रंगांची, 'काळी' आणि 'सोनेरी', म्हणजे कुणी वरचा-खालचा नाही. जोडीला जावा सोडून पायथन घेतलं आणि उदाहरणं बदलली. काही वर्षांत संगणकशास्त्र घेणाऱ्यांतलं मुलींचं प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास होतं ते चाळीसच्या घरात गेलं. आपल्याकडे वर्ग दोन करणं अवघड, पण प्रॅक्टिकलच्या बॅचेस तशाही तीन असतात. त्या आडनावाच्या अक्षरांनी पाडायच्या की अनुभवाच्या अंदाजानं, हे ठरवायला कुणाची परवानगी लागत नाही.

अभ्यासक्रम आला कुठून हे थोडं पाहू. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं टिफ्रॅक हा संगणक १९६०मध्ये चालू केला, पण पदवीच्या मुलांना प्रोग्रामिंग शिकवायला सुरुवात झाली ती कानपूरला, १९६३मध्ये आयआयटीत आयबीएम १६२० आला तेव्हा. व्ही. राजारामन यांच्या फोरट्रानच्या पुस्तकांवर देशातल्या कित्येक पिढ्या पोसल्या गेल्या. तिकडे अमेरिकेत एसीएम या संघटनेनं १९६८ला पहिला आदर्श अभ्यासक्रम काढला, १९७८च्या आवृत्तीत पहिल्या विषयाला 'सीएस वन' हे नाव मिळालं, आणि २००१च्या आवृत्तीत तर सुरुवात करण्याचे सहा वेगवेगळे रस्ते सांगितले: आधी आज्ञा, आधी ऑब्जेक्ट, आधी फंक्शन, आधी सगळ्याची ओझरती ओळख, आधी अल्गोरिदम, आधी हार्डवेअर. सहापैकी अमुकच बरोबर असं समितीनं म्हटलं नाही. आपल्याकडच्या 'सी की पायथन'वाल्यांनी ती सहाची यादी एकदा नजरेखालून घालावी.

आपल्याकडे मात्र सातवाच रस्ता रूढ झाला: आधी संगणकाचा इतिहास. पहिल्या युनिटमध्ये संगणकाच्या पिढ्या. पहिल्या पिढीत व्हॅक्यूम ट्यूब, दुसऱ्या पिढीत ट्रान्झिस्टर, मग इनपुट आणि आउटपुटची साधनं, मग फायदे-तोटे. हे युनिट पाठ करायला सोपं, तपासायला त्याहून सोपं, म्हणून ते टिकलं. सेमिस्टरचे पहिले दोन-तीन आठवडे, म्हणजे मुलं सगळ्यात उत्सुक असतात नेमका तो काळ, आपण व्हॅक्यूम ट्यूबच्या हवाली करतो.

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनं जानेवारी २०१८मध्ये अभियांत्रिकीचा नवा नमुना अभ्यासक्रम दिला, त्यात हा विषय 'प्रोग्रामिंग फॉर प्रॉब्लेम सॉल्व्हिंग' या नावानं आला. आठवड्याला तीन तास व्याख्यान, चार तास प्रॅक्टिकल, पाच क्रेडिट. प्रॅक्टिकलला व्याख्यानापेक्षा जास्त वेळ ही त्यातली मोलाची गोष्ट. पिढ्यांचं पुराण आटोपशीर झालं, सर्चिंग-सॉर्टिंगला जागा मिळाली. पण तासांची वाटणी पाहिली की भुवया उंचावतात. पॉइंटरना दोन तास. ज्या सीचा अर्धा जीव पॉइंटरमध्ये आहे, त्याला दोन तास! आणि फाइल हाताळणी वेळ उरला तर, नाहीतर प्रॅक्टिकलमध्ये उरकायची. हा मुद्दा लक्षात ठेवावा, वाळूजच्या दृष्टीनं तो कळीचा आहे.

आता भाषेचं भांडण. ते टाळून चालणार नाही, कारण त्यात एक खरा प्रश्न दडलेला आहे: मशीनच्या आत काय चाललंय हे मुलाला पहिल्या वर्षी कळायला हवं का? एमआयटीनं ऐंशीच्या दशकात स्कीम या छोट्याशा भाषेवर अख्खा विषय उभा केला, त्याचं पुस्तक १९८५मध्ये आलं आणि जगभर गाजलं. २००८च्या सुमारास तिथंच पायथन आलं. महाराष्ट्रात सीचा पाय रोवला तो नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या 'लेट अस सी'नं, आणि बोर्लंड कंपनीच्या टर्बो सीनं. निळा स्क्रीन, पिवळी अक्षरं, वरती 'कोनिओ डॉट एच', खाली 'गेटच्'. डॉसच्या जमान्यातलं हे सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर सरळ चालत नाही, म्हणून डॉसबॉक्सच्या आत बसवून ते आपल्याकडच्या अनेक लॅबमध्ये अजून चालवलं जातं. जर्नलमधले प्रोग्राम त्यावर चालतात, एक्स्टर्नल परीक्षकाला तो स्क्रीन ओळखीचा असतो, मग कोण बदलणार?

मी टर्बो सीच्या विरोधात आहे. पण विरोध नुसता जुनं म्हणून करू नये. तो नेमका कुठं नडतो हे दाखवायला पैठणचं जायकवाडी धरण कामाला येतं.

छत्रपती संभाजीनगरात पावसाळ्यात जायकवाडीचा आकडा विचारला जात नाही असं घर नाही. शहराचं पाणी तिथलं, वाळूज एमआयडीसीचं पाणीही तिथलंच. धरणाची एकूण क्षमता २९०९ दशलक्ष घनमीटर, त्यातला ७३८ मृतसाठा, उरलेला २१७१ जिवंत साठा. पेपरात छापून येणारी टक्केवारी जिवंत साठ्याची असते. म्हणजे एकूण साठ्यातून ७३८ वजा करायचे, २१७१नं भागायचं, शंभरनं गुणायचं. सातवीच्या मुलाला जमेल असं गणित. आज धरणात १५०० दशलक्ष घनमीटर आहे असं धरू. जिवंत साठा ७६२. टक्केवारी पस्तीसच्या किंचित वर.

हाच प्रोग्राम वर्गाला लिहायला सांगा. सगळी व्हेरिएबल 'इंट' घेतली आणि सूत्र जसंच्या तसं उतरवलं, म्हणजे आधी भागाकार आणि मग गुणाकार, तर उत्तर येतं शून्य. धरण कोरडं! कारण पूर्णांकाला पूर्णांकानं भागलं की सी अपूर्णांक टाकून देते. ७६२ भागिले २१७१ म्हणजे शून्य, आणि शून्याला शंभरनं गुणून काही पदरात पडत नाही. मग एखादी हुशार पोरगी म्हणते, सर, आधी गुणू, मग भागू. आजच्या जीसीसी कंपायलरवर तिला ३५ मिळतात. टर्बो सीवर मिळतात ४. चार टक्के! सूत्र बरोबर, टायपिंग बरोबर, एरर एकही नाही, आणि उत्तर धादांत चूक. टर्बो सीमध्ये 'इंट' दोन बाइटचा, त्यात ३२७६७च्या पुढचा आकडा मावत नाही. ७६२ गुणिले १०० म्हणजे ७६२००. त्यातून ६५५३६ गळून जातात, उरतात १०६६४, त्यांना २१७१नं भागलं की चार.

पायथनवर हा सगळा तमाशा होतच नाही. पहिल्याच फटक्यात ३५.०९९ आणि पुढं दशांशांची लांबलचक शेपूट. पेपरात छापायला ती कापावी कशी, एवढाच प्रश्न उरतो.

मग या दोघांतलं चांगलं कोणतं? मला वाटतं, शून्य, चार, पस्तीस आणि पस्तीस पूर्णांक काहीतरी ही चार उत्तरं एकाच तासाला फळ्यावर शेजारी-शेजारी लिहिली तर भाषेचा वाद निम्मा मिटतो. ज्या शिक्षकाला ही चारही उत्तरं समजावून सांगता येतात त्यानं कोणत्याही भाषेत शिकवावं. पहिल्या सेमिस्टरला पायथन आणि दुसऱ्याला सी, हा क्रम मला स्वतःला जास्त पटतो, कारण वाळूजच्या वर्गात पहिले दोन महिने मुलगा टिकवणं हेच मोठं काम असतं. पण पायथन घेतलं म्हणून मशीनच्या आतलं टाळता येईल, असं कुणी समजू नये. ते काही महिने पुढं ढकललं जातं, इतकंच.

याच धरणाचा आणखी एक उपयोग. २०१९च्या उन्हाळ्यात साठा मृतसाठ्याच्याही खाली गेला होता. एकूण साठा ७००वर आला तर आपला प्रोग्राम काय छापेल? उणे टक्के. छापायचे का उणे? का शून्य छापायचं? का 'मृतसाठा' असा शब्द छापायचा? हा प्रश्न ना सीचा, ना पायथनचा. तो वापरणाऱ्याला काय हवंय याचा आहे. कुणी टीएमसीत आकडा दिला, कुणी फुटांत पाणीपातळी दिली, तर काय करायचं? इथं फंक्शन का लागतं हे मुलांना आपोआप कळतं. पॅलिंड्रोम, आर्मस्ट्राँग नंबर आणि फिबोनाची यांनी ते इतक्या वर्षांत कळलेलं नाही. आर्मस्ट्राँग नंबर तपासण्याची गरज परीक्षेबाहेर कुणाला पडली असेल, तर त्यानं मला भेटावं.

जगभरातल्या संशोधनाकडे वळलो तर पहिली गोष्ट दिलासा देणारी आहे: हा विषय सगळीकडेच अवघड जातो. २००७मध्ये बेनेडसन आणि कॅस्परसन यांनी वेगवेगळ्या देशांतल्या संस्थांकडून आकडे मागवले, तेव्हा पहिल्या प्रोग्रामिंग विषयात सुमारे तेहतीस टक्के विद्यार्थी पार होत नव्हते. २०१४मध्ये वॉटसन आणि ली यांनी जास्त मोठा आढावा घेतला, निकाल जवळपास तोच. त्याआधी २००१मध्ये मायकेल मॅक्क्रॅकन आणि सहकाऱ्यांनी चार विद्यापीठांतल्या २१६ विद्यार्थ्यांना कॅल्क्युलेटरसारखा एक छोटा प्रोग्राम लिहायला दिला. तोही विषय शिकून झाल्यावर. ११०पैकी सरासरी गुण पडले २२.८९. केटी लागलेल्या पोरांना हा आकडा मुद्दाम सांगावा.

मग तीन वर्षांनी रेमंड लिस्टर आणि मंडळींनी पुढचा प्रश्न विचारला. मुलांना लिहिता येत नाही ठीक, पण लिहिलेलं वाचता तरी येतं का? दहा ओळींचा लूप चालल्यावर व्हेरिएबलमध्ये काय उरेल, हे अनेकांना कागदावर सांगता येईना. लिहायला शिकण्याआधी वाचायला शिकावं लागतं, ही बालवाडीला माहीत असलेली गोष्ट संगणकशास्त्राला पुन्हा शोधावी लागली. त्यातून बरीच चांगली साधनं निघाली. ड्राय रन आपल्याकडे जुना आहे, प्रत्येक फेरीला व्हेरिएबलचं कोष्टक मांडायचं; परीक्षेत त्याला गुण नसल्यामुळे तो मागं पडला, एवढंच. फिलिप गुओचं पायथन ट्यूटर नावाचं संकेतस्थळ हेच कोष्टक पडद्यावर दाखवतं, सीसाठीसुद्धा.

न्यूझीलंडच्या डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी २००६मध्ये मांडलेला प्रकार मला आपल्यासाठी सर्वांत सोयीचा वाटतो. बरोबर प्रोग्रामच्या ओळी सुट्या करून, क्रम मोडून द्यायच्या. मुलानं त्या लावायच्या. त्यात एखादी फसवी ओळही टाकायची. ओळींच्या पट्ट्या कागदावर छापून कापल्या की लाइट गेली तरी तास चालतो. टायपिंग न येणाऱ्याला, इंग्रजीत अडखळणाऱ्याला, पहिल्यांदा बायफोकलवाल्याइतकाच भाव मिळतो. चारजणांच्या टेबलावर पट्ट्या पसरल्या की 'अरे ही आय प्लस प्लसवाली आत घे ना', 'आत घेतली तर संपणारच नाही लूप', 'तू वेडा का, बाहेर ठेवली तर संपणार नाही' अशी जी जुंपते, ती मी कुठल्याही पीपीटीच्या तासाला ऐकलेली नाही.

मराठी माणसानं या क्षेत्रात केलेलं काम इथं नोंदवलंच पाहिजे, आणि ते अभिमान म्हणून नव्हे, उपयोगी आहे म्हणून. आयआयटी मुंबईचे अभिराम रानडे यांनी सी प्लस प्लस शिकवायला एक छोटी लायब्ररी आणि तिच्यावर बेतलेलं पुस्तक लिहिलं. त्यात पहिल्याच धड्यात पडद्यावर एक कासव येतं. शंभर पावलं पुढं जा, नव्वद अंश उजवीकडे वळ, हे चारदा कर. झाला चौरस. व्हेरिएबल अजून शिकवलेलं नाही, पण 'पुन्हा कर' शिकवून झालंय. कासवाची कल्पना सेमूर पॅपर्ट यांच्या लोगो या भाषेतून आलेली, पण मुलांच्या खेळण्यातलं हे जनावर पवईच्या पहिल्या वर्षाच्या गंभीर विषयात आणायला धाडस लागतं. त्याच आयआयटीच्या दीपक फाटकांनी दुसऱ्या टोकाला हात घातला. मुलांना शिकवण्याऐवजी शिक्षकांनाच शिकवायचं, एकाच वेळी देशभरातल्या केंद्रांवर, हजारोंच्या संख्येनं. आपल्याकडच्या अनेक कॉलेजांतल्या शिक्षकांनी ती शिबिरं केली आहेत. शिबिराहून परतल्यावर मात्र गाठ पडते जुन्याच प्रॅक्टिकलच्या यादीशी.

माध्यमाचा प्रश्न इथं येतो. वर्गात समजावणं मराठीतच चालतं, त्यात हिंदी मिसळते, फळ्यावर इंग्रजी उतरतं. यात मला काही गैर दिसत नाही. मुलं 'लूप फिरतोच आहे, थांबतच नाही' असं बिनधास्त म्हणतात आणि बरोबर म्हणतात. २०२१मध्ये तंत्रशिक्षण परिषदेनं प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकीला परवानगी दिली, पिंपरी-चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनीअरिंगनं कॉम्प्युटर शाखेची मराठी तुकडी सुरू केली, पहिल्या वर्षाची पुस्तकंही भाषांतरित झाली. स्क्रॅच या मुलांच्या भाषेवर दासगुप्ता आणि हिल यांनी केलेल्या अभ्यासात, ठोकळ्यांवरचे शब्द स्वतःच्या भाषेत असले तर मुलं नवनव्या गोष्टी लवकर वापरून पाहतात असं दिसलं. तेव्हा मराठीनं फरक पडतो, यात शंका नाही. पण माझ्या मते खरी अडचण वेगळ्याच ठिकाणी आहे. मुलगा अडतो तो प्रश्नाच्या वाक्यात. तीन ओळींचं इंग्रजी वाक्य, त्यात दोन अटी, एक अपवाद. त्याला 'इफ' येतं, पण कशाची 'इफ' लावायची ते वाक्यातून सापडत नाही. उपाय स्वस्त आहे: प्रत्येक प्रश्नाखाली चार ओळींचं कोष्टक द्यावं, हे दिलं की हे आलं पाहिजे. १५०० दिले की ३५.१, ७३८ दिले की ०, २९०९ दिले की १००. वाक्य निसटलं तरी कोष्टक बोलतं. शिवाय प्रोग्राम लिहिण्याआधी तो तपासायचा कसा, ही सवय फुकटात लागते.

आता परीक्षा. प्रॅक्टिकलच्या दिवशी चित्र साधारण असं असतं: टेबलावर चिठ्ठ्या, यादीतल्या पंधरा-वीस प्रोग्रामांपैकी एक निघतो, मुलगा तो पाठ असलेला टाइप करतो, आउटपुट दाखवतो, मग व्हायवा. 'व्हाइल' आणि 'डू-व्हाइल'मध्ये फरक काय? पॉइंटर म्हणजे काय? तो ठरलेलं वाक्य म्हणतो, एक्स्टर्नल मान हलवतात. जर्नल आधीच सर्टिफाय झालेलं असतं. फ्लोचार्ट स्टेन्सिलनं सुबक काढलेला असतो, तोही प्रोग्राम चालल्यानंतर. या साखळीत प्रोग्रामिंग कुठंच झालेलं नसतं, तरी सगळ्यांनी आपापलं काम चोख केलेलं असतं. एका मुलानं मला व्हायवात बबल सॉर्ट तोंडपाठ म्हणून दाखवला, सेमीकोलनसकट. उतरत्या क्रमानं लाव म्हटल्यावर तो गप्प झाला. एक चिन्ह उलटं करायचं होतं.

हे बदलायला बोर्ड ऑफ स्टडीजची बैठक लागत नाही. चिठ्ठीवर 'प्रोग्राम लिहा' याऐवजी 'हा चालणारा प्रोग्राम घ्या, त्यात एवढा बदल करा' असं लिहिलं की पाठांतराचा निम्मा खेळ संपतो. एका चिठ्ठीवर बिघडलेला प्रोग्राम द्यावा. शून्य टक्के दाखवणारं जायकवाडी त्यासाठी तयारच आहे. इंटर्नलचे गुण तर पूर्णपणे कॉलेजच्या हातात असतात. त्यातले काही ड्राय रनला, काही पट्ट्या लावायला दिले की मुलं आपणहून तिकडे वळतात. गुण जिकडे, मुलं तिकडे. याबद्दल त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही.

अडचण शिक्षकाची आहे, आणि ती कुणी बोलत नाही. या वर्गांवर बरेचदा सीएचबीवरचा शिक्षक असतो, तासिका तत्त्वावर, तासाला ठरलेले पैसे. तो दोन कॉलेजांत तास घेऊन भर पूर्ण करतो. नवे प्रश्न तयार करणं, साठ जणांचं काम ओळीनं वाचणं, कोण कुठं अडलंय याची नोंद ठेवणं, यातल्या कशाचाच तास मोजला जात नाही. परदेशी लेखांत सांगितलेली प्रत्येक सुधारणा शिक्षकाचा वेळ मागते. तो विकत घ्यायची तयारी नसेल तर अभ्यासक्रम कितीदाही नव्यानं छापला तरी जुनंच जर्नल चालू राहणार.

एआयबद्दल थोडक्यात. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२मध्ये आलं. त्याच वर्षी न्यूझीलंडमधल्या एका अभ्यासात कोडेक्स या त्याच्या भावंडाला पहिल्या वर्षाच्या परीक्षेचे प्रश्न घातले, तर एकाहत्तर विद्यार्थ्यांच्या रांगेत ते सतराव्या क्रमांकावर आलं असतं. आता तर यादीतला कुठलाही प्रोग्राम मोबाईलवर क्षणात मिळतो. यामुळे जर्नलचा ऱ्हास झाला म्हणून गळा काढणाऱ्यांना मी एवढंच विचारतो, आधी ते कुणाचं बघून उतरवलं जात होतं? उलट घरच्या अभ्यासाला त्याचा उपयोग करून घेता येतो. एआयकडून टक्केवारीचा प्रोग्राम मागवा, आणि तो कोणत्या आकड्याला कोसळतो ते शोधून आणा. ज्याला वाचता येतं त्यालाच ते जमेल. परीक्षा मात्र लॅबमध्ये, नेट बंद ठेवून.

शेवटी फाइल हाताळणी, जी नमुना अभ्यासक्रमात 'वेळ उरला तर' आहे. वाळूजच्या कारखान्यात पहिल्या दिवसापासून लागते ती हीच गोष्ट. मशीनमधून, टॉर्क गनमधून, तपासणीच्या गेजमधून दर शिफ्टला आकड्यांची फाइल बाहेर पडते. तिच्यात एक रकाना रिकामा असतो, एका ठिकाणी आकड्याऐवजी 'एनए' असतं, तारीख कधी दिवस-महिना तर कधी महिना-दिवस. कोणत्या शिफ्टला रिजेक्शन जास्त, हे सुपरवायझर अजून एक्सेलमध्ये हातानं काढतो. बीसीएसचा मुलगा पहिल्या वर्षाच्या अखेरीस ही फाइल वाचून तीन शिफ्टचे तीन आकडे बिनचूक काढू शकला, तर मी म्हणेन विषय पोचला. त्यासाठी अॅरे, लूप, फंक्शन, 'इफ' हे सगळं लागतं आणि शिवाय शंका घेण्याची सवय लागते. अशा फाइली मिळवणं अवघड नाही. कंपनीचं नाव आणि पार्टचा नंबर काढून टाकायला कुणाची हरकत नसते, आणि वर्गातल्या कित्येकांचे वडील त्याच मशीनवर उभे असतात. सीएनसीवर काम करणाऱ्या बापाला जी-कोड येतो. 'जी झिरो वन' म्हणजे सरळ रेषेत कापत जा, 'एम थर्टी' म्हणजे प्रोग्राम संपला. घरात प्रोग्राम चालवणारा माणूस आहे हे त्या मुलाला वर्गात कधी सांगितलं जात नाही.

फाइल हाताळणी शेवटच्या आठवड्यातून उचलून पाचव्या-सहाव्या आठवड्यात आणावी. पॉइंटर दुसऱ्या सेमिस्टरला न्यावेत आणि तिथं त्यांना दोनाऐवजी दहा तास द्यावेत. व्हॅक्यूम ट्यूबना अर्धा तास पुरे. आणि लॅब संध्याकाळी पाचला कुलूपबंद करण्याऐवजी आठवड्यातून दोन दिवस तरी आठपर्यंत उघडी ठेवावी. सकाळच्या शिफ्टवाल्याला घरी जाऊन, जेवून, दोन तास झोपून यायला तेवढा वेळ लागतो.